रॅगिंगची तक्रार: चोवीस तास, सात दिवस आणि पोच

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहतो. रात्री अकरा-साडेअकरानंतर दुसऱ्या वर्षाची मुलं त्याच्या बॅचला ‘इंट्रो’साठी खोलीवर बोलावतात. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, दोन-तीन तास उभं राहायचं, उठाबशा काढायच्या, सीनियरांची जर्नल्स लिहून द्यायची. दोनदा थोबाडीतही बसली आहे. वडिलांनी रेक्टरांना फोन केला तर ‘बघतो’ एवढंच उत्तर मिळालं. अधिष्ठात्यांच्या (डीन, म्हणजे महाविद्यालयाचे प्रमुख) कार्यालयातून ‘दोन्ही बाजू समोरासमोर बसवून मिटवू’ असा निरोप आला. मुलगा म्हणतो, साडेचार वर्षं इथंच काढायची आहेत, तक्रार नको. तर तक्रार करावी का, कुठे करावी, आणि महाविद्यालयाचं काम नेमकं काय?

तक्रार करा, लेखी करा, आणि त्या समोरासमोरच्या बैठकीला मुलाला पाठवू नका. रेक्टरांना केलेल्या फोनला कायद्याच्या लेखी फारशी किंमत नाही, कारण त्याने कुठलीही मुदत सुरू होत नाही. लेखी तक्रार ज्या क्षणी आवक क्रमांकासह नोंदली जाते, त्या क्षणापासून संस्थाप्रमुखाच्या डोक्यावर घड्याळ चालू होतं. रॅगिंगची बहुतेक प्रकरणं पुराव्याअभावी कोलमडत नाहीत. पहिल्या चार दिवसांत कागदच तयार झाला नाही, म्हणून ती कोलमडतात.

कागदाआधी एक गोष्ट आजच बघा. उठाबशा किती काढायला लावल्या होत्या, ते मुलाला विचारा. सवय नसलेल्या मुलाने एका दमात दोनशे-तीनशे उठाबशा काढल्या की मांडीचे स्नायू फुटून त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या कडक होणं, जिना उतरता न येणं आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद होणं ही त्याची लक्षणं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी), क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. ‘अंग दुखतंय, व्यायाम झालाय’ म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊ नका, त्यातल्या बऱ्याचशा मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. थोबाडीत बसल्यावर कानात दडे बसले असतील किंवा ऐकू कमी येत असेल तर पडदा तपासायला हवा. मारहाणीची तपासणी शक्यतो सरकारी रुग्णालयात करून घ्या आणि डॉक्टरांना कारण स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांपर्यंत जाणारी वैद्यकीय नोंद) होते. ‘जिन्यावरून पडलो’ असं एकदा केसपेपरवर लिहिलं गेलं की पुढे ते खोडायला फार जड जातं.

नुसतं उभं ठेवण्यालाही कमी लेखू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत पाटणजवळच्या धारपूर वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अशाच ‘इंट्रो’मध्ये सुमारे तीन तास उभं ठेवलं होतं. तो कोसळला आणि दगावला. १५ सीनियरांवर गुन्हा दाखल झाला.

आता कायदा. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगला मनाई करणारा स्वतंत्र कायदा आहे. आठच कलमांचा, पण पालकांनी वाचलेला क्वचित असतो आणि प्राचार्यांनीही पूर्ण वाचलेला असतोच असं नाही. त्यातली रॅगिंगची व्याख्या बरीच रुंद आहे: ज्या वर्तनाने विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते वा होऊ शकते, भीती, लाज किंवा संकोच वाटतो, ते सगळं. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, अंगाशी येणारी थट्टा हे त्यात आहेच. शिवाय विद्यार्थी एरवी आपण होऊन जे करणार नाही ते करायला सांगणं हेही रॅगिंगच. ‘आम्ही मस्करी करत होतो, तोही हसत होता’ हा बचाव या व्याख्येपुढे टिकत नाही. बारा जणांच्या घोळक्यात एकटा उभा असलेला मुलगा हसणारच, दुसरं तो काय करणार? जर्नल लिहून घेणं, मेसमधून ताट आणायला लावणं, ‘फ्रेशर्स’च्या नावाने पैसे उकळणं, रात्री दोनपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर हजेरी घेणं, हे सगळं यात बसतं. ज्युनियरांना सक्तीने सामील करून घेतलेले असे ग्रुप म्हणजेही रॅगिंगच, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये महाविद्यालयांना पुन्हा बजावलं आहे.

चौथ्या कलमातली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. संस्थेच्या आवारात घडो वा बाहेर, प्रत्यक्ष केलं असो, सामील झालेला असो वा चिथावणी दिलेली असो, सगळ्यांना तीच. दोष सिद्ध झाला की विद्यार्थ्याला काढून टाकायचं आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शैक्षणिक संस्थेत त्याला प्रवेश नाही. वीस वर्षांच्या मुलासाठी ही कैदेपेक्षा मोठी शिक्षा आहे, आणि सीनियर मुलांच्या आईवडिलांनी ती आधी वाचायला हवी. ‘शैक्षणिक संस्था’ या शब्दात संलग्न वसतिगृह आणि शिकवणी वर्गही धरले आहेत. त्यामुळे ‘हे वसतिगृहात झालं, कॉलेजात नाही’ असं म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत.

तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं कलम सहावं. तक्रार विद्यार्थ्यानेच केली पाहिजे असं नाही. पालक किंवा शिक्षकही लेखी तक्रार देऊ शकतात. म्हणून मुलगा घाबरत असेल तर तक्रार तुमच्या नावाने द्या. ती मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच हद्दीतल्या पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. ‘करायचं’ म्हणजे करायचंच, मर्जीवर नाही. सातवं कलम म्हणतं की प्रमुखाने कारवाई केली नाही किंवा टाळाटाळ केली तर त्याने रॅगिंगला साथ दिली असं मानलं जाईल आणि त्यालाही चौथ्या कलमाचीच शिक्षा होईल. मिटवामिटवीचे निरोप पाठवणाऱ्या कार्यालयाला हे कलम आदरपूर्वक, पण तक्रारीतच लिहून आठवण करून द्यावं.

याच्या जोडीला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम आहेत. त्यांची पार्श्वभूमी अशी. १९९६ मध्ये तमिळनाडूत अण्णामलै विद्यापीठातल्या पोन नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याची हत्या झाली आणि पुढच्या वर्षी तिथे देशातला पहिला राज्य कायदा आला. मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या कांगडा इथे अमन काचरू या एमबीबीएसच्या विद्यार्थ्याचा सीनियरांच्या मारहाणीत मृत्यू झाला. त्याआधी २००७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने रॅगिंग रोखण्याबाबतच्या आर. के. राघवन समितीच्या शिफारशी स्वीकारल्या होत्या, पण अंमल ढिला होता. अमनच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच हे विनियम आणि देशव्यापी हेल्पलाइन दोन्ही आली. विनियमांनुसार माहिती किंवा महाविद्यालयाच्या रॅगिंगविरोधी पथकाची शिफारस मिळाल्यावर फौजदारी गुन्हा होतो का हे संस्थाप्रमुखाने ठरवायचं, आणि होत असेल तर २४ तासांत एफआयआर नोंदवायचा. वैद्यकीय महाविद्यालयांना राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे २०२१ चे रॅगिंगविरोधी विनियमही लागू आहेत.

इथे हमखास एक घोळ घातला जातो. कार्यालय म्हणतं, ‘आम्हाला सात दिवस आहेत.’ सात दिवस अंतर्गत चौकशी आणि निलंबनासाठी आहेत. मारहाण झाली आहे हे समोर आल्यावर पोलिसांकडे जायला सात दिवस नाहीत, चोवीस तास आहेत. दोन्ही मुदती एकाच वेळी चालतात. एक संपली की दुसरी सुरू, असं नाही.

तक्रार अर्ज दोन पानांच्या वर नको. ‘माझ्या मुलाचं रॅगिंग होत आहे, कडक कारवाई करावी’ एवढंच लिहिलेला अर्ज फुकट जातो, कारण त्यात तपासण्यासारखं काहीच नसतं. प्रत्येक प्रसंग स्वतंत्र परिच्छेदात लिहा: तारीख, अंदाजे वेळ, कुठल्या मजल्यावरची कुठली खोली, कुणी बोलावलं, कसं बोलावलं (फोन, ग्रुपवरचा मेसेज, दारावर थाप), आत किती जण होते, कोण काय बोललं, कुणी हात उचलला, किती वेळ चाललं, आणखी कोणते ज्युनियर हजर होते. नाव ठाऊक नसेल तर बॅच, टोपणनाव, वर्णन, गाडीचा नंबर. शिव्या जशाच्या तशा लिहा. संकोचाने ‘अर्वाच्य भाषा’ लिहिलं की तो पुरावा हातचा गेला. शेवटी मागण्या नेमक्या करा: कलम ६ प्रमाणे चौकशी व निलंबन, पोलीस ठाण्याकडे तक्रार पाठवणं, अमुक मजल्याचं आणि प्रवेशद्वाराचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवणं, आणि चौकशी संपेपर्यंत आरोपींना त्या वसतिगृहातून हलवणं. सीसीटीव्हीची मागणी पहिल्याच अर्जात हवी, कारण बऱ्याच ठिकाणी दोन ते चार आठवड्यांत जुन्या चित्रणावर नवं चढतं. नंतर ‘उपलब्ध नाही’ असं सरळ उत्तर येतं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक विभागात एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हटलं तर तिथूनच अधिष्ठात्यांच्या अधिकृत ईमेलवर अर्ज पाठवा आणि स्पीड पोस्टनेही टाका. प्रत विद्यापीठाला, वैद्यकीयच्या बाबतीत नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, जाऊ द्या. त्याच दिवशी १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. ती चोवीस तास चालते. मिळालेला तक्रार क्रमांक अर्जावर हाताने लिहून ठेवा. हेल्पलाइनवर नाव गुप्त ठेवायला सांगता येतं, आणि माहिती देणाऱ्याची ओळख जपणं विनियमांनीही बंधनकारक केलं आहे. मात्र बॅचमध्ये दहाच मुलं असतील आणि प्रसंग एकाच मुलावर घडलेला असेल तर ती गुप्तता नावापुरतीच राहते, हे ओळखून चाला. शक्य असेल तर चार-पाच पालकांनी एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज द्यावेत. एकत्र सह्यांचा एक अर्ज नको. पाच अर्जांमध्ये एकाच खोलीचा आणि त्याच नावांचा उल्लेख आला की ‘एकाच मुलाची कुरबूर’ म्हणायला जागा राहत नाही.

पुराव्याबद्दल. मुलाने ग्रुप सोडू नये आणि काही डिलीट करू नये. स्क्रीनशॉटमध्ये फक्त सेव्ह केलेलं नाव दिसतं, म्हणून नंबर दिसेल असाही एक स्क्रीनशॉट घ्या आणि पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा. मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या वेळी मूळ उपकरण हाताशी असलं की वाद राहत नाही. पार्टीच्या नावाने पैसे घेतले असतील तर यूपीआयची नोंद काढा. ‘देणगी होती’ म्हणणाऱ्यासमोर रात्री साडेबाराला एकाच खात्यात पडलेले वीस मुलांचे सारखे पाचशे रुपये पुरेसे बोलतात. अंगावरच्या वळांचे फोटो पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने असे तीनदा काढा. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच नीट उमटतो.

पोलीस ठाण्यात काय घडतं तेही सांगायला हवं. केवळ १९९९ च्या कायद्याचं कलम ४ लावलं तर शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी, म्हणून सर्वसाधारण नियमाने गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि ठाणे अंमलदार एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हाती देतात. एनसीवर तपास आपोआप होत नाही. म्हणून तक्रारीत प्रत्यक्ष जे घडलं ते सगळं यायला हवं. वाट अडवली, खोलीला आतून कडी लावून बाहेर जाऊ दिलं नाही, भीती घालून पैसे घेतले, पट्ट्याने किंवा स्टंपने मारलं: भारतीय न्याय संहितेत यांची स्वतंत्र कलमं आहेत (अडवणूक १२६, डांबून ठेवणं १२७, खंडणी ३०८, शस्त्र वा घातक साधनाने दुखापत ११८) आणि ही दखलपात्र आहेत. एकाच प्रकरणातला एक गुन्हा दखलपात्र असला की सगळं प्रकरण दखलपात्र म्हणून तपासायचं, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७४ सांगतं. ‘कडी कुणी लावली’ हा एक तपशील तक्रारीत असणं किती मोलाचं आहे, ते यावरून कळेल. एफआयआर नाकारला तर कलम १७३ (४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे किंवा शहरात आयुक्तालयाकडे लेखी अर्ज द्या, आणि तरीही हालचाल नसेल तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. मूल दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात शिकत असेल तर जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर, हद्द कुठलीही असो) गुन्हा नोंदवता येतो.

कपडे उतरवायला लावून चित्रण केलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई लागतं. ते मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पीडित अठरा वर्षांच्या आतला असेल आणि लैंगिक स्वरूपाचा छळ झाला असेल तर पोक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) लागतो, आणि मग माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा संस्थेतल्या जबाबदार माणसाचा स्वतंत्र गुन्हा होतो. पहिल्या वर्षात सतरा वर्षांची मुलं बरीच असतात, हे कार्यालयाच्या लक्षात नसतं. जातीवरून बोललं गेलं असेल तर नेमके शब्द आणि ते कुणाकुणाच्या समोर बोलले गेले ते जरूर लिहा. ॲट्रॉसिटी कायद्यातल्या जातिवाचक अपमानाच्या कलमात ‘लोकांच्या देखत’ हा मुद्दा कळीचा ठरतो आणि बंद खोलीतल्या प्रसंगात बचाव तिथेच उभा राहतो. २०१९ मध्ये मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांच्या मृत्यूनंतरच्या खटल्यात आत्महत्येस प्रवृत्त करणं, ॲट्रॉसिटी आणि १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा अशी कलमं एकत्र लावली गेली. निवासी डॉक्टरांच्या बाबतीत ‘हा कामाचा ताण आहे, रॅगिंग नाही’ असं नेहमी ऐकू येतं. ताण सगळ्या बॅचला सारखा असतो. एकाच ज्युनियरला सलग ड्युट्या, जेवायला-अंघोळीला न सोडणं, रुग्णांसमोर फाइल फेकणं, शस्त्रक्रियागृहात जाऊ न देणं, हे निवडून केलेलं असतं. ड्युटी रोस्टरच्या तीन महिन्यांच्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या की फरक उघडा पडतो.

आता महाविद्यालयाची बाजू, कारण शिक्षा टिकायची असेल तर चौकशी नीट व्हायला हवी. रॅगिंगविरोधी समितीत प्रमुखाखेरीज पोलीस आणि नागरी प्रशासन, स्थानिक माध्यमं, युवकांत काम करणारी संस्था, प्राध्यापक, पालक, नवे व जुने विद्यार्थी आणि शिक्षकेतर कर्मचारी असले पाहिजेत. पथक वेगळं असतं. त्यात बाहेरचं कुणी नसतं, अचानक भेटी देणं आणि जागेवर चौकशी करणं त्याचं काम. पुष्कळ ठिकाणी समिती फलकावर असते आणि पोलीस प्रतिनिधीची दोन वर्षांपूर्वीच बदली झालेली असते.

चौकशीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे पीडित आणि आरोपींना एका खोलीत बसवणं. ते झालं की मुलगा जबाब फिरवतो, आणि तो फिरवलेला जबाबच पुढे संस्थेची ढाल बनतो. जबाब वेगवेगळे, वेगवेगळ्या वेळी, शक्यतो वसतिगृहाबाहेर घ्यावेत. आधी त्या रात्री हजर असलेले इतर ज्युनियर, मग सुरक्षारक्षक आणि मेसचे कर्मचारी, आरोपी शेवटी. मेसवाल्याला आणि रखवालदाराला सगळं ठाऊक असतं. त्यांना कुणी विचारत नाही एवढंच. दुसरी चूक उलट्या टोकाची: संतापाच्या भरात दुसऱ्याच दिवशी पंधरा जणांना सरसकट एक वर्ष काढून टाकणं. आरोप लेखी न देता, उत्तराला वेळ न देता, कुणी काय केलं हे न लिहिता काढलेला आदेश अपिलात किंवा उच्च न्यायालयात रद्द होतो, आणि मग मारणाराही परत येतो, नुसता बघत उभा असलेलाही. तातडीचं निलंबन वेगळं आणि अंतिम शिक्षा वेगळी. निलंबन लगेच करा. शिक्षेच्या आदेशात मात्र प्रत्येकाच्या नावापुढे त्याची कृती, पुरावा आणि त्यानुसार शिक्षा असं लिहा.

विनियमांत शिक्षांची उतरंड दिली आहे: वर्गात बसण्यास मनाई, शिष्यवृत्ती रोखणं, परीक्षेस वा स्पर्धेस बंदी, निकाल रोखणं, वसतिगृहातून काढणं, प्रवेश रद्द करणं, एक ते चार सत्रांसाठी निष्कासन आणि शेवटी कायमचं काढून टाकणं. करणारे ओळखू आले नाहीत तर सामूहिक शिक्षेचीही तरतूद आहे. ती जपून वापरावी असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्ण मजल्याला शिक्षा झाली की निरपराध सीनियर पीडितावर डूख धरतात आणि बोलू पाहणारी मुलंही गप्प होतात. वसतिगृहातून काढणं मात्र जवळजवळ प्रत्येक सिद्ध प्रकरणात व्हायला हवं, कारण छळ जिथे होतो ती जागाच हातून काढून घेतली जाते. प्रत्यक्षात उलटंच घडतं. ‘तुझ्या सुरक्षिततेसाठी’ म्हणून ज्युनियरलाच दुसऱ्या इमारतीत हलवतात आणि सीनियर आपल्या खोलीत राहतात. असा प्रस्ताव आला तर लेखी नकार द्या. शिक्षेविरुद्ध अपील संलग्न महाविद्यालयाच्या बाबतीत कुलगुरूंकडे जातं.

प्रतिबंधाच्या नावाखाली जे केलं जातं त्यातलं निम्मं देखाव्यापुरतं आहे. ऑनलाइन हमीपत्र मुलं मिनिटभरात भरतात. फलक जूनमध्ये लागतो आणि पावसाळ्यात फिकट होतो. खरा बंदोबस्त रात्री दहा ते दोन या वेळेत, पहिल्या तीन महिन्यांत असतो. पहिल्या वर्षाची मुलं वेगळ्या इमारतीत, नाहीतर वेगळ्या मजल्यावर, आणि मधला जिना रात्री बंद, पण आगीच्या वेळी उघडता येईल असा, किल्ली रखवालदाराकडे. पथकं नेहमी ज्युनियरांच्या मजल्यावर फेरी मारतात. तिथे शांतताच असते, कारण मुलं तिथे नसतात. रात्री साडेअकराला ज्युनियरांच्या खाटा मोजा. रिकामी खाट हीच खबर असते. मग गच्ची, सीनियरांच्या टोकाच्या खोल्या, मागचं मैदान, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांनी गावात भाड्याने घेतलेले फ्लॅट. वसतिगृहात कडक झालं की रॅगिंग त्या फ्लॅटवर सरकतं. म्हणून शनिवारी रात्रीची बाहेर जाण्याची नोंदवही बघावी: एकाच वेळी आठ-दहा ज्युनियर ‘स्थानिक पालकांकडे’ कसे जातात?

पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरवड्याला नव्या विद्यार्थ्यांची निनावी पाहणी घेणं विनियमांनी सांगितलेलं आहे. ती नीट घेतली तर याहून चांगलं साधन नाही. बिघडते ती प्रश्नामुळे. ‘तुमचं रॅगिंग झालं का?’ या प्रश्नाला शंभर टक्के ‘नाही’ येतं, कारण मुलं इंट्रोला रॅगिंग म्हणतच नाहीत. विचारायचं असं: गेल्या पंधरा दिवसांत रात्री दहानंतर किती वेळा दुसऱ्याच्या खोलीवर जावं लागलं? किती रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली? दुसऱ्या कुणाची जर्नल लिहिली का? सोडता येणार नाही असा ग्रुप आहे का? कपडे, केस, दाढी यांचे कुणी घातलेले नियम आहेत का? कोणत्या जिन्याने जायची मनाई आहे? टिकमार्कचे आठ-दहा प्रश्न, कागदावर, सगळ्यांना एकाच वेळी, आणि कागद दुसऱ्या विभागाच्या माणसाने गोळा करायचे. हस्ताक्षर ओळखू येईल असा मोकळा रकाना नको. ऑनलाइन फॉर्म नको, मुलांना वाटतं लॉगिनवरून कळेल. दोन पाहण्यांमध्ये झोपेचे आकडे घसरले की त्याच आठवड्यात पथक रात्री गेलं पाहिजे.

मार्गदर्शक सीनियर सहा नव्या मुलांमागे एक, अशी विनियमांची अपेक्षा आहे. निवड मात्र चुकते. संमेलनात पुढे पुढे करणारी मुलं घेतली जातात, आणि बहुधा इंट्रोतही तीच पुढे असतात. आत्ताच दुसऱ्या वर्षात गेलेल्यांना निनावी चिठ्ठीवर विचारा: ‘गेल्या वर्षी अडचणीत कोणत्या सीनियरचा आधार वाटला?’ तीच नावं वर येतात.

राहिला मुलाचा प्रश्न, साडेचार वर्षांचा. त्याची भीती खरी आहे आणि ‘घाबरू नकोस’ म्हणून ती जात नाही. सीनियर बोलणार नाहीत, नोट्स मिळणार नाहीत, बॅच एकटं पाडेल, असं त्याला वाटतं. यातलं थोडंफार काही आठवडे घडतंही. म्हणून तक्रारीच्या दिवसापासून त्याची पहिली पंधरवड्याची व्यवस्था आधी ठरवा. रात्री खोलीत सोबत कोण, अभ्यासिकेतून परत येताना कोण, रेक्टरांचा रात्रीचा मोबाइल नंबर चालू आहे का हे स्वतः फोन लावून पाहिलेलं. रोज ठरलेल्या वेळी घरी फोन. तो जेवत नसेल, झोपत नसेल, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलू लागला असेल, वस्तू वाटून टाकत असेल, तर एकटं ठेवू नका, जाऊन घेऊन या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. चार दिवस घरी राहिल्याने हजेरी बुडेल याची चिंता नको. तक्रार नोंदलेली असल्याने त्या दिवसांचा अर्ज स्वतंत्रपणे देता येतो.

निलंबनाची मुदत संपून ती मुलं परत येतील तो आठवडा सगळ्यात नाजूक असतो आणि तोवर सगळ्यांचं लक्ष उडालेलं असतं. अधिष्ठात्यांकडून आधीच लेखी आदेश मागून घ्या: परत येणाऱ्यांनी तुमच्या मुलाशी प्रत्यक्ष, फोनवर किंवा मित्रांमार्फत संपर्क करायचा नाही, त्याच्या मजल्यावर यायचं नाही, आणि मोडल्यास उरलेली शिक्षा पूर्ण भोगायची. परत येण्याची तारीख तुम्हाला आठ दिवस आधी कळवायची, हेही त्याच आदेशात लिहून घ्या.